फलकावरचे दोन आकडे

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा निरोप आपल्या दहावीच्या ग्रुपवर आला, तेव्हा बहुतेकांना वाटलं असणार की ही आता संगणकावर काहीतरी लिहिणार. पोटापाण्यासाठी गेली पंचवीस वर्षं तेच करते आहे. स्मरणिकेत तरी त्यापासून सुटका हवी. शाळेत माझा आवडता विषय इतिहास होता. गणितात गुण जास्त पडले म्हणून इंजिनिअरिंगला गेले एवढंच. तेव्हा हा लेख इतिहासाच्या सरांना सादर. सर, उत्तर पाच गुणांच्या मानाने जरा लांबलं आहे, सांभाळून घ्या.

पहिल्या महायुद्धाची कारणं आपण सगळ्यांनी पाठ केली होती. साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रास्त्रस्पर्धा आणि सारायेव्होला झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. हे सगळं दूर युरोपात घडलं, असं आपण समजून चाललो. आपल्या शाळेत आसपासच्या खेड्यांतून मुलं यायची, आणि त्यांतल्या काही गावांत चावडीच्या, देवळाच्या किंवा वेशीच्या भिंतीत एक लहानसा दगडी फलक बसवलेला होता. आमच्या गावात तो चावडीला आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसं गेली आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच त्यावरचा मजकूर. तशाच साच्याचे फलक ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानभर बसवले. त्यात गावागणिक बदलतात ते फक्त दोन आकडे. नाव एकाचंही नाही.

सातारा शहराजवळच्या अपशिंगे गावाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. तिथे स्मारक उभं राहिलं, आणि आज गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ झालं आहे. पण अपशिंग्याइतकी प्रसिद्धी न मिळालेली, पाच-दहा माणसं पाठवलेली गावं आपल्या जिल्ह्यात आणि कोकणात कितीतरी आहेत. ही माणसं कुठे गेली, लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा इथे काय घडलं, आणि त्यांचं स्मरण कोणी, कसं ठेवलं, हे शोधण्याचा नाद मला गेली काही वर्षं लागला आहे. त्यातलं थोडं इथे सांगते.

आपल्याकडचे लोक मुख्यतः गेले मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. बसरा म्हटलं की आपल्याला मोती आठवतात, पण त्या काळी आपल्या गावांत बसरा म्हणजे लढाई. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने गेल्या आणि माघार घेताना कूत अल अमारा या गावात अडकल्या. तुर्कांचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला. धान्य संपत आलं, घोडे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार लोकांनी शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आलं. उपासमार, उष्णता आणि रोगराईने वाटेत किती मेले त्याची धड मोजदाद झाली नाही. सोडवायला निघालेल्या फौजांचीही हजारोंनी हानी झाली.

लढणारे फक्त मराठा पलटणीतले नव्हते. खडकीहून गेलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला, म्हणजे युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर, फ्रान्समध्ये नव शापेल या गावावरच्या हल्ल्यात होत्या. १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. कोकणातले खलाशी व्यापारी जहाजांवर होते. पखाली, मोची, धोबी, खेचरं हाकणारे असे बिनलढाऊ लोकही गेले. फलकावर ‘माणसं’ असा मोघम शब्द आहे, त्यात हे सगळे आले.

आता शेवटाकडे येऊ. २८ ते ३० ऑक्टोबर १९१८ या दिवसांत मोसुलच्या वाटेवर शरकतची लढाई झाली. तिथे ११४ मराठा पलटण होती. ३० ऑक्टोबरलाच मुद्रोस बंदरात तुर्कस्तानने युद्धविरामावर सही केली. म्हणजे आपली माणसं तिकडच्या टेकड्यांवर शेवटपर्यंत मरत होती. युरोपातला युद्धविराम त्यानंतर बारा दिवसांनी, ११ नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता लागू झाला. लंडन-पॅरिसमध्ये लोक रस्त्यावर येऊन नाचले.

आणि आपल्याकडे? त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. जूनमध्ये मुंबई बंदरात आलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा उसळला आणि खेड्यापाड्यांत शिरला. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून जास्त माणसं नेली. चार वर्षांच्या युद्धात हिंदी फौजेचे सुमारे ७४ हजार लोक मेले, आणि त्याच्या कितीतरी पट माणसं काही महिन्यांत घरात, अंथरुणावर गेली. ज्या घरातला मुलगा बसऱ्याहून जिवंत परतला, त्या घरात त्याची वाट पाहणारी आई किंवा बायको असेलच याची खात्री नव्हती. तहाची बातमी अशा गावांत पोचली.

विजयाचे सोहळे पुढच्या वर्षी झाले. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. आपल्या फलकांवर १९१९ हे साल आहे ते त्यामुळे. लंडनमध्ये १९ जुलैला शांतता दिनाचं मोठं संचलन निघालं. त्यासाठी एडविन लट्येन्स या वास्तुविशारदाने रस्त्यात लाकूड आणि प्लॅस्टरचं एक तात्पुरतं स्मारक उभारलं, तेच सेनोटाफ, म्हणजे रिकामी समाधी. लोकांनी तिथे फुलांचे ढीग घातले. तेव्हा सरकारने ते १९२० मध्ये दगडात कायमचं बांधलं. ११ नोव्हेंबर १९१९ ला अकरा वाजता दोन मिनिटं सगळा देश स्तब्ध उभा राहिला. आपण शाळेत हुतात्मा दिनाला अकरा वाजता भोंगा झाला की दोन मिनिटं उभे राहायचो, ती दोन मिनिटांची रीत या वळणाची आहे हे मला फार उशिरा कळलं.

हिंदुस्थानात शांतता उत्सव ठरला डिसेंबर १९१९ मध्ये. रोषणाई, आतषबाजी, शाळकरी मुलांना मिठाई असा सरकारी कार्यक्रम होता. पण त्याच वर्षी मार्चमध्ये रौलट कायदा आला होता आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली होती. तुर्की खिलाफतीचं भवितव्य टांगणीला होतं. नोव्हेंबरमध्ये दिल्लीला भरलेल्या खिलाफत परिषदेत या उत्सवात भाग घ्यायचा नाही असा ठराव झाला. परिषदेच्या एका दिवसाचे अध्यक्ष गांधीजी होते. महायुद्धात सैन्यभरतीला मदत करणाऱ्या गांधीजींनीच वर्षभराने विजयोत्सवाकडे पाठ फिरवली. लोकमान्यांची भूमिका आधीपासून रोखठोक होती. माणसं देऊ, पण बरोबरीचे हक्क द्या. जून १९१८ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्ध परिषदेत ते हे बोलू लागले, गव्हर्नर विलिंग्डन यांनी अडवलं, आणि लोकमान्य सभा सोडून निघून गेले.

पुण्याचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, त्या दिवशी शहरात बहिष्कार आणि दंगल. दोनच दिवसांनी, १९ तारखेला, पुण्यात त्याच्या हस्ते मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसली आणि शिवाजी महाराजांच्या स्मारकाचीही. एकाच आठवड्यात एकाच पाहुण्याला मुंबईत दगड आणि पुण्यात मानाची कोनशिला! त्या पिढीच्या मनात काय गुंता असेल, ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की समजतं.

पुढे आपला इतिहास स्वातंत्र्यलढ्याचा झाला आणि ते रास्तही होतं. परक्या राजासाठी परमुलखात लढलेल्यांना त्यात कुठे बसवायचं हे कोणाला सुचलं नाही. फलक भिंतीत राहिले. चावडीला नवा गिलावा झाला की कधी त्यांवर चुन्याचा हातही फिरला.

आता मी राहते त्या देशाकडे वळते, कारण हा नाद तिथेच लागला. इंग्लंडमध्ये जवळजवळ प्रत्येक खेड्यात एक युद्धस्मारक आहे. चर्चच्या आवारात किंवा चौकात दगडी क्रूस, आणि त्यावर नावं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी गाव तिथे जमतं. सरकारी पाहुणे असतीलच असं नाही. शाळेची मुलं, बालवीर, निवृत्त सैनिक, दुकानदार, कोटाला कागदी लाल पॉपी लावलेले. बिगुल वाजतो, दोन मिनिटं शांतता, आणि मग कोणीतरी नावं वाचतं. एकेक. एकाच आडनावाचे दोघे-तिघे आले की ते भाऊ होते हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. सगळी माणसं सुखरूप परतली अशी गावं तिथे अगदी थोडी, पन्नासच्या आसपास. त्यांना ‘कृतज्ञ गावं’ म्हणतात. या सगळ्यात भाषण जवळपास नसतंच. नावं वाचणं हाच कार्यक्रम.

त्याच इंग्लंडमध्ये आपल्या लोकांचंही एक स्मारक आहे. ब्रायटन या समुद्रकाठच्या शहरात राजाचा एक घुमटांचा महाल आहे. १९१४ च्या डिसेंबरपासून सुमारे वर्षभर तिथे हिंदी जखमी सैनिकांचं रुग्णालय होतं. सोवळंओवळं सांभाळायला वेगवेगळी स्वयंपाकघरं आणि पाण्याचे वेगळे नळ होते. ब्रायटनच्या रुग्णालयांत जे हिंदू आणि शीख सैनिक दगावले, त्यांतल्या ५३ जणांना शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला. त्याच जागी संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुविशारदाचा. १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं उद्घाटन झालं, आणि ते करणारा होता तोच प्रिन्स ऑफ वेल्स, जो नोव्हेंबरात पुण्याला आला.

छत्रीपाशी दरवर्षी जूनमधल्या एका रविवारी स्मरण होतं. १९५१ पासून १९९९ पर्यंत ते माजी सैनिकांच्या ब्रिटिश लीजनने चालवलं. नंतर ते बंद पडू नये म्हणून ब्रायटनमधल्या सामान्य नागरिकांनी हाती घेतलं. मी दोनदा गेले आहे. शेवटचं अंतर माळावरून मेंढरांमधून चालत जावं लागतं. पगडी घातलेले आजोबा, लष्करी पदकं लावलेले गोरे आजोबा, साड्या, सँडविचचे डबे, वाऱ्याने उडणारे कागद. प्रार्थना, पुष्पचक्र आणि मौन.

पण छत्रीवर जो लेख कोरला आहे, त्यातही ५३ जणांचं नाव नव्हतं. इंग्रजी, हिंदी, पंजाबी आणि उर्दूत ‘हिंदी सैनिक’ असा एकत्र उल्लेख. त्यांची नावं कोरलेली भिंत छत्रीजवळ उभी राहिली ती २०१० मध्ये. ८९ वर्षं फुलं वाहिली जात होती, ती नावांशिवाय.

हे वाचल्यावर मी मेसोपोटेमियातल्या आपल्या माणसांचा शोध घेतला. ज्यांची समाधी नाही अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांचं स्मारक बसऱ्याला १९२९ मध्ये उभं राहिलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार आकडा. आमच्या चावडीतल्या फलकाचंच मोठं रूप! फ्रान्समध्ये नव शापेलला १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर याच फौजेच्या साध्या शिपायांचीही नावं आहेत, ४७०० हून अधिक. म्हणजे नावं ठाऊक होती, कोरताही येत होती. युरोपात कोरली, वाळवंटात नाही. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने स्वतःच्या अहवालात ही असमानता कबूल केली आणि ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. बसऱ्याचं मूळ स्मारकही आता जागेवर नाही. सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते १९९७ मध्ये उचलून शहराबाहेर नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेऊन बांधलं.

मुंबईत मात्र मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावं आहेत. आपल्यापैकी मुंबईकरांनी वाट वाकडी करून जावं. आणि दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण सांगते. रायगड जिल्ह्यातल्या माणगावचे नायक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत तिबेर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहेच. २०२३ मध्ये इटलीतल्या माँतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. एक नाव हाताशी असलं की ऐंशी वर्षांनी परक्या गावालाही काहीतरी करावंसं वाटतं.

नावं खरोखरच हरवली आहेत का? नाहीत. युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. बसऱ्याच्या दगडावर नसलेल्या शिपायाचा नंबर, पलटण आणि मृत्यूची तारीख तिथे आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही. अडचण आहे ती इंग्रजी स्पेलिंगची. पलटणीतल्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. एकच आडनाव चार तऱ्हांनी, गावाचं नाव ओळखू न येण्याइतकं वाकडं. सारखे उच्चार जुळवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला (शेवटी संगणक आलाच). त्याने साताऱ्याच्या नोंदी गावांप्रमाणे लावून दिल्या. पुढचं काम मात्र माणसांचंच आहे. एका गावात त्या नावाचं घर होतं का, वाडी कोणती, हे यंत्राला कसं कळणार?

आमच्या गावच्या मृतांच्या आकड्याएवढी नावं अजून मिळालेली नाहीत. निम्म्याहून कमी मिळाली. त्यातलं एक आमच्याच आळीतलं निघालं. त्या घरात पणजोबांच्या धाकट्या भावाबद्दल ‘बसऱ्याला गेला तो आलाच नाही’ एवढंच पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला त्याच्या नावाने पान वाढायचे. नोंदीतलं बापाचं नाव जुळलं, गाव जुळलं. मृत्यूची तारीख होती, त्यावरून जुन्या पंचांगाच्या हिशेबाने तिथी काढून दिली. त्या घरातल्या काकू फोनवर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे आता त्याचं त्याला वेगळं घालता येईल.” शस्त्राने गेलेल्यांसाठी पितृपक्षात चतुर्दशी राखून ठेवणाऱ्या आपल्या समाजाला युद्धातल्या मृतांचं स्मरण कोणी शिकवायची गरज नव्हती. फक्त नाव आणि दिवस पाहिजे होता.

ही माणसं कोणासाठी लढली, हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. पगारासाठी, पलटणीच्या इभ्रतीसाठी, घरची जमीन गहाण होती म्हणून, मामा होता म्हणून. हर एकाचं कारण वेगळं असणार. राजाच्या विजयाचा जयजयकार आपल्याला करायचा नाही. गावातून गेलेली आणि परत न आलेली माणसं मात्र आपलीच होती.

म्हणून एक विनंती आहे. स्नेहसंमेलनाला येण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा. ट्रंकेत एखादं जुनं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली बघा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पितळेच्या ताटलीसारखी, वीतभराहून लहान, सिंह आणि देवीचं चित्र असलेली वस्तू कोणाकडे असेल तर ती मृताच्या घरी पाठवलेली स्मृतिमुद्रा आहे. तिच्यावर हुद्दासुद्धा नसतो, फक्त नाव. गावातल्या फलकाचा फोटो काढा, त्यावरचे दोन्ही आकडे टिपून आणा. परत आलेल्यांची नावं आयोगाच्या नोंदींत सापडणार नाहीत, ती घरांतूनच मिळतील, आणि ती सांगू शकणारी पिढी आता नव्वदीच्या पुढे आहे.

आपल्या वर्गात निदान बारा गावांची मुलं होती. इतिहासाचे सर यादी तपासायला तयार आहेत, मराठीच्या बाईंनी मोडी कागद वाचून द्यायचं कबूल केलं आहे, आणि आकडे-नावं जुळवायचं माझ्याकडे. पहिल्या गावाची यादी पुरी झाली की ती त्या गावच्या ग्रामसभेपुढे ठेवू आणि फलकाखाली नावांचा दुसरा दगड बसवायची परवानगी मागू. वर्गणी नंतर काढू. आधी नावं पाठवा.